पुस्तकाआधीची चौकशी

बाळांनो, रोह्याच्या वाचनालयातल्या बाई पुस्तक देण्याआधी चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, "घरी सगळं बरं हाय ना?" उत्तर ऐकून पुस्तक ठरायचं.

तुमच्या आजोबांचं ऑपरेशन ठरलं, त्याच आठवड्यात नव्या कादंबरीसाठी माझा नंबर लागला. बाईंनी ती सरळ ड्रॉवरमध्ये ठेवली.

"ही लय रडवते, काकी. काका घरी येऊ देत."

"अहो, मी काय लहान आहे?"

"नाय ना, म्हणूनच."

आणि त्यांनी विनोदी कथा हातात दिल्या. दवाखान्यात त्या ऐकताना आजोबा टाके धरून हसत.

पुढे आजोबा स्वतः वाचनालयाचा जिना चढले. बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं, ड्रॉवर उघडला आणि कादंबरी माझ्यापुढे सरकवली.

"घ्या काकी. आता रडा खुशाल."