आर्क्टिकचा बर्फ आणि एकोडीची काठी

मंडळी, आज सकाळी एकोडीच्या तलावावर पुन्हा भांडण झालं. धानाला पाणी सोडायचं होतं. आमच्या गावची पाणी मोजायची काठी दाखवे पाणी कमी, खालच्या गावची दाखवे भरपूर.

"तुमच्या काठीले कायले मानू आम्ही?" खालच्या गावचे श्रावणभाऊ कडाडले.

मला ऐंशीचं दशक आठवलं. तेव्हा मी रशियात शिकत होतो. आर्क्टिक संशोधनाच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत दुभाष्याचं काम मिळालं. तिथं रशियन आणि अमेरिकन शास्त्रज्ञ बर्फाच्या जाडीवरून असेच भांडत होते. दोघांची मोजायची पद्धत वेगळी, म्हणून आकडे वेगळे. शेवटी ठरलं की एकाच जागी, एकाच पद्धतीनं, दोघांनी मिळून मोजायचं. सरकारांचं आपसात पटत नव्हतं, तरी हे जमलं!

मी हे सांगितलं तर श्रावणभाऊ म्हणतात, "तिथं बर्फ होता भाऊ. इथं आमचा धान सुकून राहिला."

"म्हणूनच!" म्हणालो आणि दोन्ही काठ्या मोडून टाकल्या.

दोन्ही गावांनी मला शिव्या दिल्या. बऱ्याच वर्षांनी त्यांचं एकमत झालं.

उद्या सकाळी दोन्ही गावांसाठी एकच नवी काठी रोवतोय. एका बाजूनं मी धरीन. खालच्या गावातून धरायला कोण येता?