छाट

समोरच्या खोलीतली सुनंदा उंबऱ्यात बसून मोबाइलवरच्या फोटोंतली कुत्री-मांजरं कंपनीला ओळखून देते; त्यावरून म्हणे कॉम्प्युटर शिकतो. आज तिचं सगळं काम नापास झालं. कारण नाही, पैसे नाहीत. केलेलं काम मात्र कंपनीने ठेवून घेतलं.

“विचार की त्यांना,” मी म्हटलं.

“कुणाला मावशी? तिथं माणूसच नसतो.”

मी विड्या वळायचे तेव्हा मुकादमही बऱ्या विड्या छाट, म्हणजे नापास, म्हणून बाजूला काढायचा आणि स्वतःच ठेवायचा. मेला चोर! पण त्याला तोंडावर शिव्या देता यायच्या, आणि माझ्या मागे बाकीच्या बायका उभ्या असायच्या. सुनंदाबरोबर आज आणखी कोण नापास झालं, ते तिला कधीच कळणार नाही.

“मावशी, उजेडातून सरका!” ती खेकसली.

मी सरकले नाही. तिला भांडायला कोणीतरी हवं होतं, आणि माझ्याशीही सकाळपासून कोणी बोललं नव्हतं.