आतनं उघडणारी फळी

जुन्नरच्या पेठेत माझं सुतळी-गोणपाटाचं दुकान व्हतं. पन्नास सालानंतरची गोष्ट. शटर कुणाला ठावं न्हाई तवा. उभ्या फळ्या एकेक करून खाचेत सरकवायच्या आन शेवटच्या फळीला बाहेरनं कडी-कुलूप. मागं दार न्हाई, नुसती भिंत.

मी मंचरच्या बाजाराला गेलो की बायकोला आत ठेवून कुलूप लावायचो. ती कंदिलाच्या उजेडात गोण्या शिवायची. लोकांना सांगायचो, चोराची भीती. खरं म्हणजे गिऱ्हाइकांनी तिच्याकडं बघितलेलं मला खपत नव्हतं.

मग पालिकेनं दवंडी दिली. दुकानात माणूस आसंल तर बाहेरनं कुलूप घालायचं न्हाई, एक फळी आतनं उघडणारी पायजे.

बायको म्हणाली, "सुताराला बोलवा की."

म्हणालो, "दुकान माझं हाय का पालिकेचं?"

पुढच्याच बाजाराला कंदील कलंडला आन गोण्या पेटल्या. मी मंचरात. तिचं ओरडणं ऐकून समोरच्या बांगडीवाल्या चाचांनी पहारीनं फळी फोडली. जीव वाचला, पर दोन्ही हात पोळले.

दिवस मावळायला मी आलो तर चाचा पायरीवर बसलेले. म्हणाले, "वैनीला तिच्या भावानं माहेरी डिंभ्याला नेलं. भाऊ, आत कशापायी कोंडली व्हती?"

"चोर येत्यात."

"मग सुतळी कोंडायची राव! वैनीला कोण उचलून नेत व्हतं?"

मी खाली वाकून जळक्या गोण्या गोळा करायला लागलो.

सुतार बोलावला, फळी करून घेतली आन डिंभ्याला गेलो. हाताला फडकी गुंडाळून ती ओट्यावर बसली व्हती. मान वर न करता तिनं इचारलं, "कडी कुठल्या अंगाला?"

"आतल्या."

"बाहेरली?"

"उपटून टाकली."

मग उठून आईला म्हणाली, "माझं लुगडं बांधून दे."

आली. पर मी फळ्या लावायला घेतल्या की हातातलं काम टाकून रस्त्यावर जाऊन उभी ऱ्हायची. दुकान चाललं तवर तसंच. मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

गेल्या माघात ती गेली. शेवटी उठवत नव्हतं, तरी म्हणायची, "दार लोटू नगा." थंडी मरणाची. मी दार सताड उघडं टाकून तिच्या उशाशी बसायचो. चुकलो, एवढंच म्हणायचं व्हतं. तेबी झालं न्हाई माझ्याच्यानं.