गिधाडांसाठी धाव

तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो. त्याचं चपलांचं दुकान भर रस्त्यात, आवाज खणखणीत, त्यामुळे हळूहळू अख्खा रस्ताच तिला ताई म्हणायला लागला. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून तिची सव्वीस वर्षं झाली. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि डॉक्टर सुई टोचत असताना म्हशीचं तोंड धरून ठेवायचं. हे शेवटचं काम तिला सर्वांत आवडतं, कारण म्हशीशी वाद घालावा लागत नाही.

अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी गोणपाटात गुंडाळून एक गिधाड आणून तिच्या टेबलावर ठेवलं. मान लुळी पडलेली, डोळे अर्धवट मिटलेले. तिने तीन दिवस त्याला ड्रॉपरने पाणी पाजलं. चौथ्या दिवशी सकाळी ते गेलं. डॉक्टरांनी उघडून पाहिलं, तर आत सगळीकडे खडूची पूड सांडल्यासारखा पांढरा थर.

"मूत्रपिंडं गेली," डॉक्टर म्हणाले. "गुरांना दुखण्यावर टोचतात ते औषध. जनावर मेलं की ते औषध त्याच्या मांसात राहतं आणि याच्या पोटात जातं."

ताईला आठवलं, तिच्या लहानपणी गावकुसाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की शंभरेक गिधाडं उतरायची. त्यानंतर तिने आकाशात एक तरी गिधाड कधी पाहिलं होतं? तिला आठवेना. त्या दिवसापासून ती भेटेल त्याला औषधाचं सांगू लागली, आणि लोक तिला पाहून रस्ता बदलू लागले.

अशात यंदा भाऊ घरी आला आणि खुर्ची ओढून बसला. तो पळणाऱ्यांच्या मंडळाचा सचिव. दरवर्षी मंडळ मैदानावर धाव ठेवतं. जो जितक्या फेऱ्या मारेल, तितक्या फेऱ्यांची देणगी त्याचे नातेवाईक, शेजारी देतात.

"ताई, यंदाची धाव तुझ्या गिधाडांसाठी. आजारी पक्ष्यांसाठी जाळीची मोठी खोली बांधायची म्हणतेस ना? बांधू."

ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिथेच तिची चूक झाली, असं तिचा नवरा अजून म्हणतो. त्याच वेळी सगळं लिहून घ्यायला हवं होतं.

पहिल्या बैठकीला ती फोटो घेऊन गेली. छातीवर पांढरी पिसं, उघडी मान, चोच थोडीशी वासलेली. तिच्या मते त्याहून देखणा फोटो नव्हता. समितीतली मंडळी फोटोकडे बघून एकमेकांकडे बघायला लागली.

"हे पोस्टरवर?" खजिनदार म्हणाला. "मुलं घाबरतील हो."

"शिवाय शब्द बघा ना," दुसरे एकजण म्हणाले. "आपण एखाद्याला गिधाड म्हणतो, ते काय कौतुकाने?"

"मग शब्द सुधारा," ताई म्हणाली. "पक्षी कशाला सुधारताय?"

भावाने घाईघाईने चहा मागवला.

दुसऱ्या बैठकीत पोस्टरवर वाघ आला. ताईने विचारलं, वाघ कुठून आला? तर म्हणे, वाघ सर्वांनाच आवडतो, आणि धोक्यात तोही आहेच की. तिसऱ्या बैठकीला ती दवाखान्यात अडकली. गायीचं वासरू आडवं आलं होतं. तेवढ्या दोन तासांत समितीने वाघही काढून टाकला. टी-शर्ट छापून आले तेव्हा त्यावर पांडा होता. गोल, गुबगुबीत, हसरा, पायात बूट घातलेला पांडा.

ताईने टी-शर्ट हातात धरला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, पांडा कुठे राहतो ते तरी माहीत आहे का तुला?"

"छापणाऱ्याकडे तयार चित्र होतं. वाघाला चार रंग लागतात, पांडा दोनात भागतो."

"गिधाडही दोनात भागलं असतं!"

"ताई, आता पाचशे छापून झालेत. चिडू नकोस."

जगात कुणालाही शांत करायचं असेल तर 'चिडू नकोस' हे दोन शब्द अजिबात वापरू नयेत, हे तिच्या भावाला चाळिशी उलटली तरी कळलेलं नाही. ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. घरात भांडी जरा जोरातच आपटली गेली. नवरा म्हणाला, "जाऊच नकोस ना मग." त्यावर ती म्हणाली, "न जाऊन कसं चालेल? तिथे खरं सांगणारं कोण आहे दुसरं?"

धावेच्या सकाळी मैदान माणसांनी भरलं होतं. दोनशेच्या वर लोक, सगळ्यांच्या छातीवर पांडा. ताईला बोलायला दोन मिनिटं दिली होती. माइक आधी किंचाळला, मग बंद पडला, मग सुरू झाला. तोवर सव्वा मिनिट गेलं होतं. तिने प्रस्तावना गुंडाळली आणि सरळ औषधाचं नाव घेतलं. ते गुरांना टोचू नका, त्याच्याऐवजी दुसरं मिळतं, गुण तेवढाच, गिधाडाला अपाय नाही. ती दुसऱ्या औषधाचं नाव सांगत होती तोच मंडपामागून ढोल वाजला आणि माणसं पळत सुटली.

पुढचे दोन तास ती प्रथमोपचाराच्या टेबलाशी बसून सोललेले गुडघे धूत होती. एका गुडघ्याच्या मालकाने विचारलं, "मग पांडे किती उरलेत आता?" तिने त्याच्या जखमेवर आयोडीन जरा सढळ हातानेच लावलं.

शेवटी शेवटी टेबलापाशी एक बाई येऊन थांबली. पायात रबरी चपला, नेहमीच्या कपड्यांवर टी-शर्ट चढवलेला, श्वास लागलेला. तिच्याकडे नऊ म्हशी आणि तीन गायी होत्या, आणि ती रस्त्यापलीकडच्या घरांना दूध घालायची. पळता येत नाही म्हणून तिने चालतच चौदा फेऱ्या पूर्ण केल्या होत्या.

"तुम्ही नाव घेतलंत ना त्या औषधाचं," ती म्हणाली, "ते आहे माझ्या गोठ्यात. चार बाटल्या. गेल्या महिन्यात गाय गेली, तिलाही तेच टोचलं होतं."

"गाय कुठे टाकली?"

"नाल्यापलीकडे. पूर्वी गिधाडं दोन तासांत हाडं मोकळी करायची. आता कुत्री येतात. त्यांची संख्या इतकी वाढलीय की परवा माझं वासरू धरलं." तिने घाम पुसला. "दुसऱ्या औषधाचं नाव ढोलात ऐकूच आलं नाही मला."

ताईने टेबलावरचा पांडा छापलेला कागद उलटा केला आणि पाठीमागे ठळक अक्षरांत नाव लिहून दिलं.

संध्याकाळी ती भावावर तुटून पडली. तिचं एक वाक्य ऐकायला अख्ख्या मैदानात एकच बाई सापडली, हे तिने त्याला पाच वेळा ऐकवलं. तो शांतपणे खुर्च्या एकावर एक रचत होता.

"ताई, गिधाडाचा फोटो लावला असता तर पंचवीस माणसं आली असती. त्यात ती बाई असती का?"

 तो बरोबर बोलत होता, आणि तिला सर्वांत जास्त राग आला तो याचाच.

त्या आठवड्यात ती दूधवालीच्या गोठ्यावर गेली. चारही बाटल्या घेतल्या. दूधवालीने शेजारचे दोन गोठे दाखवले. मग दर रविवारी हाच उद्योग सुरू झाला. तिसऱ्या गोठ्यावर मालकाशी तिचं इतकं वाजलं की दूधवालीने भावाला निरोप पाठवला: बहिणीला एकटीला सोडू नका. तेव्हापासून तो स्कूटरवर तिला घेऊन जातो, तोच बोलतो आणि ती गप्प राहण्याचा प्रयत्न करते. अकरा गोठ्यांपैकी सातांनी औषध बदललं. चार जण अजून 'बघू' म्हणतात. हा शब्द ऐकला की तिच्या डोक्यात तिडीक जाते.

जाळीची खोलीही उभी राहिली, दवाखान्याच्या मागच्या अंगणात. पावसाळ्याआधी वनखात्याच्या माणसांनी दोन अशक्त गिधाडं आणून सोडली. उद्घाटनाला भाऊ नव्या शर्टात आला. ताईने बजावलं होतं, पक्ष्याच्या फार जवळ जाऊ नकोस, घाबरला की तो ओकतो. पण फोटो काढायचा होता, आणि समितीचे लोक बघत होते. तो हसत हसत दोन पावलं पुढे झाला.

त्या ओकारीचा वास काय असतो, हे तिथल्या सगळ्यांना एकाच वेळी कळलं. खजिनदार फाटकापर्यंत पळाला. भाऊ शर्टाकडे बघत जागच्या जागी उभा.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "हे मुद्दाम केलं का याने?"

"बादली नळाखाली आहे," ताई म्हणाली, आणि पक्ष्याला ठीक वाटतंय ना ते बघायला आत गेली.