इमरीबाईंच्या गालिच्यावरची पंधरा मिनिटं

नाव: एफी गॉर्ले. वय: त्रेपन्न. व्यवसाय: घरोघर जाऊन मलमपट्टी करणारी सरकारी नर्स. हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट: अठ्ठावीस. सरावास उपलब्ध वेळ: नाही. संशय: आहे.

ही नोंद आमच्या गोल्फ क्लबाचे हँडिकॅप-चिटणीस लॅकलन इमरी यांनी स्वहस्ते केली. जूनचं पदक एफीने सहा फटके राखून जिंकलं आणि इमरींनी ते कपाटातच ठेवलं. खेळ लपवून सूट लाटणाऱ्याला इकडे स्कॉटलंडात, फाइफच्या किनाऱ्यावर, सरळ दरोडेखोर म्हणतात, आणि ते नाव एकदा चिकटलं की सोबत खेळायला कुणी मिळत नाही. एफीचा लांबचा फटका पूर्वीसारखाच झुडपात जात होता. फक्त हिरवळीवर, भोकापाशी, ती चुकेनाशी झाली होती. इमरींच्या मते लबाडी ती हीच.

आठवडाभर त्यांनी तिच्यावर पाळत ठेवली. मीही सोबत होतो, कारण मी समितीत होतो आणि गाडी माझी होती. निष्पन्न झालं ते असं: बाकी सगळ्या घरी दहा मिनिटं, एका घरी मंगळवारी आणि शुक्रवारी पंचवीस. ते घर इमरींच्या आईचं होतं.

"चहा पाजत असतील," मी म्हणालो.

"आमची आई? ती कुणाला दुसरं बिस्किट देत नाही."

पुढच्या शुक्रवारी आम्ही न कळवता आत शिरलो. म्हातारी खुर्चीत होती, पायाची जुनी जखम कोमट पाण्याच्या बादलीत. पट्टी बांधण्याआधी पाय पंधरा मिनिटं भिजवावा लागतो. ती पंधरा मिनिटं एफी, गणवेशातच, इमरींच्या दिवंगत वडिलांची गोल्फची काठी घेऊन गालिच्यावर आडव्या ठेवलेल्या कपात चेंडू ढकलत होती. त्या घराची जमीन समुद्राकडे कललेली आहे, थेट आमच्या सातव्या हिरवळीसारखी.

इमरींनी वही उघडली. "मिस गॉर्ले, समितीच्या वतीने..."

"लॅकी," आई म्हणाली, "तू तिच्या रेषेवर उभा आहेस."

चेंडू आणि भोक यांच्या मधे उभं राहणं आमच्याकडे प्रार्थनेत घोरण्याहून वाईट. चिटणीस मुकाट बाजूला सरकले. चेंडू कपात गेला.

"एकोणीस," म्हातारीने मोजलं. "तुझा बाप चाळीस वर्षं इथून डावीकडे चुकला. हिला जमतंय तर तुझ्या का पोटात दुखतंय?"

एफीने घड्याळ पाहिलं. "लॅकलन, आलाच आहेस तर तो टॉवेल दे. वेळ झाली."

समितीचा ठराव असा: गालिचा हे मैदान नसल्याने त्यावरील सराव नियमबाह्य ठरत नाही. पदक देण्यात यावे. सूट अठ्ठावीसवरून बावीस करण्यात यावी. सदर खेळाडूच्या वाढत्या प्रगतीवर समितीने लक्ष ठेवावे.

ऑगस्टमध्ये म्हातारीची जखम भरली. एफीने त्यानंतर एकही पदक जिंकलेलं नाही.