वाटीतली मुंगी

काल दवाखान्यात बीपीच्या गोळ्या घ्यायला बसलो होतो. पडद्याआड एक नवी बाळंतीण रडत होती. नर्सबाई तिला म्हणाली, "रडतीस काय? छातीचं बोंड आत असतं कुणाकुणाचं. दूध काय बोंडात नसतं. भोवतीचा काळा भाग दे त्याच्या तोंडात. हां, असा." जरा वेळानं पोर घोट गिळायला लागल्याचा आवाज आला. बाई हसली, "बघ आता, सोडायला तयार नाही गुलाम."

माणसांची नाकं सारखी नसतात, मग हे तरी सारखं कसं असेल? एवढं साधं आम्हाला कुणी सांगितलं नाही.

माझ्या बायकोची, सरूची, बोंडं अशीच आत होती. आमचं पोर छातीला लागेना. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, हिचं दूधच वाईट. तेव्हा पारख अशी करायचे, की वाटीत दूध पिळायचं अन् त्यात मुंगी सोडायची. मुंगी मेली तर दूध विषारी. मुंगी मेली. पोराला शेळीचं दूध पाजलं, ते पचलं नाही. पोर गेलं.

पुन्हा मूल झालं नाही. सरू जन्मभर दुसऱ्याच्या लेकराला हात लावायला भ्यायची. "माझ्यात विष आहे," म्हणायची. गेल्या उन्हाळ्यात तेच मनात धरून तीही गेली.

काल घरी येऊन वाटीत नळाचं पाणी घेतलं अन् मुंगी सोडली. थोडी तडफडली, मग मेली.

वाटी चुलीपाशी तशीच ठेवलीय. जिला दाखवायची, ती नाही.