पहिल्या ओटीचा मान

"थांबा गं! मी आले न्हाई अजून!" ओढ्याच्या पल्याडून आक्काची अशी हाक आली की अल्याडच्या आम्ही सगळ्या जागच्या जागी उभ्या. मग ती पदर खोचून, एकेक दगड चाचपत, मुद्दाम सावकाश ओढा ओलांडायची. तुम्हीच सांगा, घोट्याएवढं पाणी, त्याला एवढा वेळ लागतो का?

आमच्या चिखलीत बाळंतीण सव्वा महिन्यानं बाहेर पडली की आधी ओढ्यावर यायची. काठावर साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, शेंदूर लावलेले सात दगड होते. त्यांची पहिली ओटी आक्कानं भरायची, मग बाकीच्यांनी. सासूकडून तिला तो मान आलेला. माझी सासूसुद्धा म्हणायची, "तिच्या हाताला गुण हाय." माझ्या हाताला काय काटे होते? मी जळायचे. अजूनही जळते, खोटं कशाला बोलू.

पुढे दोन्ही काठांची शेतं विकली गेली, आमचीही आणि तिचीही. टॉवर उभे राहिले, राडारोडा ओढ्यात पडला आणि एका वर्षी उरलेला ओढा पाइपात घालून वर रस्ता केला. मानासाठी मी इतकी वर्षं धुमसले, पण ओढा बुजवताना ना मी बोलले ना आक्का. उलट मला मनातून बरंच वाटलं. ओढाच नाही तर हिचा मान कसला?

पण आक्का कसली ऐकते! जेसीबी यायच्या आत तिनं सातही दगड घमेल्यात घालून घरी नेले आणि अंगणातल्या नळापाशी मांडले. सोसायट्यांमधल्या पोरी तिथं यायला लागल्या. माझी सून लातूरची, कंपनीत नोकरीला. तीही नातीला घेऊन तिच्याकडेच गेली. वर घरी येऊन मला म्हणते, "आई, आक्का किती मायेनं बोलतात!" त्या दिवशी मी जेवले नाही.

आक्काचं घर ओढ्याच्या जुन्या वळणावर, सखल जागी. पाइपात न मावलेलं पाणी पावसाळ्यात तिच्या घरात शिरलं. पुढच्या वर्षी पुन्हा शिरलं, तेव्हा मुलानं तिला तळेगावला, चौथ्या मजल्यावर नेलं. निघताना ती ते घमेलं घेऊन माझ्या दारात आली.

"घे. आता पहिली ओटी तुझी."

"आणि तुला गं?"

"मला तिकडं कोण वळखतंय? तुझा लई जीव व्हता ह्याच्यावर. मला म्हाईत हाय."

तिला सगळं माहीत होतं, याचाच मला जास्त राग आला. घमेलं मात्र मी घट्ट धरलं.

परवा शेजारची सून बाळ घेऊन आली. आमच्या पार्किंगमधल्या नळाशी सात दगड मांडून मी पहिली ओटी भरली. सगळ्या बायका माझ्यासाठी थांबल्या होत्या. जन्मभर मला हेच हवं होतं. ओटीनंतर नारळ वाहत्या पाण्यात सोडायचा असतो. तो दिसेनासा झाला की बाळंतिणीनं घरी परतायचं. मी नारळ बादलीत सोडला. तो तिथंच डुलत राहिला, आणि ती पोर बाळाला छातीशी धरून माझ्याकडं बघत उभी राहिली, आता निघू का म्हणून.